यंत्रावरचीं मंडलें आणि कासचीं फुलें

मंडल हा शब्द मराठी घरांना नवा नाहीं. वास्तुशांतीच्या दिवशीं चौरंगावर रंगीत तांदुळांनीं भरलेलें सर्वतोभद्र मंडल पुष्कळांनीं पाहिलेलें असतें. नवग्रहांची मांडणी, पूजेच्या पाटाखालीं काढलेलें अष्टदल कमळ, तुळशीवृंदावनापुढची रांगोळी हीं सारीं त्याच कुळांतलीं होत. एक मध्य धरावा आणि त्याच्या भोंवतीं आकृति फुलवीत न्यावी, हें या सर्वांचें सूत्र. ज्या बायकांनीं आयुष्यांत भूमितीचें पुस्तक उघडलें नाहीं, त्यांच्या चिमटीला हें सूत्र पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें.

आज हीच कला संगणकाच्या पडद्यावर आली आहे. कांचेच्या पाटीवर लेखणी टेकवावयाची, मध्यबिंदु ठरवावयाचा, वर्तुळाचे बारा भाग करावयाचे आणि त्यांपैकीं एका भागांत रेषा काढावयाची. उरलेल्या अकरा भागांत तीच रेषा यंत्र आपण होऊन उमटवितें. घटकाभरांत असें एक मंडल तयार होतें, कीं हातानें काढावयाचें तर त्याला सबंध दिवस लागला असता. फुलें, पानें, शिंपले, पाण्यावरचे तरंग यांवरून अशीं मंडलें रचण्याची हौस शहरांतील तरुण मुलामुलींत आणि वयस्क गृहिणींतहि आतां दिसूं लागली आहे. तेव्हां साहजिकच प्रश्न येतो. बारा भागांपैकीं अकरा यंत्रानेंच काढावयाचे, तर कलावंताचें म्हणून त्यांत काय उरतें?

या प्रश्नाचें उत्तर यंत्राकडे पाहून मिळणार नाहीं. तें शोधावयास सातारा आणि सांगली यांच्या परिसरांत जावें लागेल.

हे दोन जिल्हे आज वेगळे असले तरी मूळचे एकाच घरचे. १९४९ सालच्या ऑगस्टमध्यें दक्षिण सातारा असा निराळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. दोघांना जोडणारी कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावते, वाईचे घाट भिजवीत खालीं येते, कऱ्हाडास कोयनेला भेटते आणि पुढें सांगलीकडे वळते. पश्चिमेकडे सह्याद्रीचा मुसळधार पाऊस, तर पूर्वेस जत आणि आटपाडी येथील कोरडीं माळरानें. एवढ्याशा अंतरांत हवापाण्याचा इतका फरक असल्यामुळें येथील वनस्पतींतहि मोठें वैचित्र्य आहे. निसर्गावरून मंडल रचूं पाहणाऱ्याला दूरदेशीं जाण्याचें कारण नाहीं.

प्रथम यंत्राचें काम कसें चालतें तें थोडक्यांत पाहूं गेल्यास, त्यांत गूढ असें फारसें नाहीं असें आढळेल. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचें. त्याचे बारा समान भाग केले म्हणजे प्रत्येक भाग ३० अंशांचा होतो. पहिल्या भागांतील प्रत्येक बिंदु मध्याभोंवतीं ३०, ६०, ९० असे अंश फिरवून यंत्र पुनःपुन्हा मांडतें. पाहिजे तर आरशांतल्याप्रमाणें उलटी प्रतिमाहि घेतें. मुलांच्या खेळांतील शोभादर्शक नळी हेंच करीत असे. डेव्हिड ब्रूस्टर नांवाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १८१६ सालीं ती शोधली आणि पुढल्या वर्षीं तिचा हक्क नोंदविला. आपल्याकडे फुटक्या बांगड्यांचे तुकडे घालून ती नळी घरोघरीं होत असे. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीनें चित्र काढण्याची सोय आयव्हन सदरलंड यानें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेंत १९६३ सालीं करून दाखविली. त्याच्या त्या रचनेंत मूळ आकृति बदलली कीं तिच्या सर्व प्रती एकदम बदलत. आजच्या मंडलाचें बीज तेथेंच आहे. आतां तर क्रितासारखीं चित्रकलेचीं साधनें मोफतहि मिळतात आणि त्यांत वर्तुळाचे किती भाग पाडावे हें एका आंकड्यानें ठरवितां येतें.

परंतु या सोयीच्याच पोटीं एक धोका आहे. शोभादर्शकांत बांगडीचा कसलाहि तुकडा टाकला तरी आकृति सुंदरच दिसते. तसेंच यंत्राचेंहि आहे. डोळे मिटून ओढलेली वांकडीतिकडी रेघ बारा वेळां फिरली कीं तिला एक प्रकारची शोभा येते, आणि नवशिक्याला वाटतें कीं आपणांस कला साधली. वस्तुतः ती शोभा आवृत्तीची असते, रेषेची नसते. अशीं शंभर मंडलें शेजारीं शेजारीं ठेवलीं, तर त्यांतलें एकहि दुसऱ्यापासून ओळखूं येत नाहीं. यंत्र बारापट करतें हें खरें. पण तें कशाचें बारापट करतें, हें त्या पहिल्या भागावर अवलंबून आहे. तो पहिला भाग कोठून आणावयाचा?

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर कासचें पठार आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें १२०० मीटर. काळ्या कातळावर जांभ्याचें कवच आणि त्यावर मातीचा केवळ पातळ थर, अशी त्याची ठेवण. तेथें मोठें झाड मूळ धरूं शकत नाहीं. पण पावसाळ्यांत पाणी सांचून तोच थर लहान रोपट्यांचें माहेरघर होतो. येथें ८५० हून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, गेंदाचा पांढरा आणि सीतेच्या आसवांचा निळाजांभळा रंग पठारावर पाळीपाळीनें पसरत जातो.

लांबून पाहणाऱ्याला हा गालिचा दिसतो. पण मंडल रचणाऱ्यानें गुडघे टेकून एकेक फूल पाहावें. मग त्याला पहिला धडा मिळतो तो असा, कीं निसर्गांतील सर्वच फुलें वाटोळीं नसतात. तेरड्याचें फूल घ्या. त्याचें डावें अंग आणि उजवें अंग सारखें असतें, पण वरची बाजू आणि खालची बाजू सारखी नसते. मनुष्याच्या चेहऱ्याप्रमाणें त्याला एकच आरसा पुरतो. पिवळ्या पाकळीवर दोन तांबडे ठिपके मिरविणारा कवळा तसाच. सीतेचीं आसवेंहि दोन ओठांचींच असतात. अशा फुलांना मध्याभोंवतीं फिरविलें म्हणजे जें वर्तुळ होईल तें कलावंताचें असेल, फुलाचें नव्हे. यांत चूक कांहीं नाहीं; मात्र आपण काय केलें हें कलावंतानें ओळखलें पाहिजे. याच्या उलट दवबिंदूची एक जात अशी आहे, कीं तिचीं इवलालीं पानें मध्याभोंवतीं जमिनीला चिकटून चक्राकार पसरतात आणि प्रत्येक पानाच्या केसांवर चिकट थेंब चमकत असतात. या निकृष्ट मातींत नत्र कमी, म्हणून ही वनस्पति किडे धरून आपली उणीव भरून काढते. निसर्गानें स्वतः मांडलेलें हें मंडल आहे, आणि त्याची शोभा त्याच्या भुकेंतून आली आहे.

दुसरा धडा संख्येचा. यंत्रावर नवशिके बहुधा आठ किंवा बारा भाग घेतात, कारण रांगोळीची आणि घड्याळाची तीच संवय. परंतु फुलांची संख्या वेगळी असते. दोन दलांच्या बियांतून उगवणाऱ्या वनस्पतींत पांच किंवा चार पाकळ्या विशेष आढळतात. एका दलाच्या बियांतून येणाऱ्यांत तीन किंवा त्याची दुप्पट सहा. पावसाळ्यांत कुंपणावर चढणारी कळलावी सातारा-सांगलीकडच्या पुष्कळांच्या परिचयाची आहे. तिच्या ज्वाळेसारख्या पाकळ्या सहा असतात. तिचें मंडल आठ भागांत बसविलें, तर रंग तेच राहूनहि फूल हरवतें. पूजेंतील अष्टदल कमळाच्या आठ पाकळ्या हा संकेत आहे. तळ्यांतल्या खऱ्या कमळाला त्याहून पुष्कळ अधिक पाकळ्या असतात. संकेत चालवावा कीं निरीक्षण, हा निर्णय यंत्र करीत नाहीं. यंत्राला फक्त आंकडा सांगावयाचा असतो. तो आंकडा फुलाजवळ बसून मोजलेला असला, म्हणजे मंडलांत पहिला जीव येतो.

तिसरा धडा याहून खोल आहे आणि तो सूर्यफुलाच्या शेतांत मिळतो. सूर्यफुलाच्या पिकल्या तबकाकडे निरखून पाहिलें, तर बिया डावीकडे आणि उजवीकडे वळणाऱ्या वळशांत बसलेल्या दिसतात. एका बाजूचे वळसे मोजले तर बहुधा ३४ आणि दुसऱ्या बाजूचे ५५ भरतात. मोठ्या तबकांत ५५ आणि ८९. या संख्या ज्या मालिकेंतल्या, ती १, २, ३, ५, ८, १३ अशी चालते आणि तींत प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज असते. युरोपांत ही मालिका पिसाच्या फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ग्रंथामुळें प्रसिद्ध झाली. परंतु लघु आणि गुरु अक्षरांनीं अमुक मात्रा किती प्रकारांनीं भरतील याचा विचार करतांना आपल्याकडील छंदःशास्त्रज्ञांना ती तत्पूर्वींच सांपडली होती. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें ती स्पष्ट मांडली. तीन मात्रा तीन प्रकारांनीं भरतात, चार मात्रा पांच प्रकारांनीं, पांच मात्रा आठ प्रकारांनीं. जी संख्या वृत्तांत, तीच बियांत.

सूर्यफूल हें वर्तुळाचे समान भाग पाडीत नाहीं. त्याची प्रत्येक नवी बी आधींच्या बीपासून सुमारें १३७.५ अंशांनीं वळून बसते. हा कोन १२० अंश असता, तर सर्व बिया तीनच रांगांत लागल्या असत्या आणि मधली जागा ओस पडली असती. ९० असता तर चार रांगा झाल्या असत्या. १३७.५ च्या कोनानें कोठलीहि बी दुसरीच्या नेमकी मागें येत नाहीं आणि तबकावरची जागा वायां जात नाहीं. १९७९ सालीं हेल्मुट व्होगेल यानें या मांडणीचें सोपें सूत्र दिलें. बीचा जो क्रमांक असेल त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत तिला मध्यापासून दूर ठेवावी आणि दर खेपेस तोच कोन वळावें. संगणकाला हें सूत्र सांगणें अवघड नाहीं. पण बारा भागांच्या तयार साधनानें तें कधींच साधणार नाहीं, कारण तें साधन वर्तुळ वांटून घेतें आणि सूर्यफूल वर्तुळ वाढवीत नेतें. वांटणी आणि वाढ यांतला हा भेद ज्याला समजला, त्याच्या मंडलांना निराळीच गति येते.

आकृतीनंतर रंगाचा विचार करावयास हवा, आणि तेथें सांगलीची आठवण होणें अपरिहार्य आहे. सांगलीची हळद साऱ्या देशांत प्रसिद्ध असून तिला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हरिपुरास जमिनींत खणलेल्या पेवांत ही हळद सांठविण्याची रीत होती. हळदीला चुन्यासारख्या क्षाराचा स्पर्श झाला कीं ती तांबडी होते. कुंकवाचा जन्म याच गुणांतून झाला. म्हणजे पूजेच्या मंडलांतील पिवळा आणि तांबडा हे दोन रंग एकाच कंदाचे. पडद्यावरच्या रंगाची जात याहून वेगळी. तेथें तांबडा, हिरवा आणि निळा असे तीनच दिवे असतात, आणि पिवळा म्हणून जो दिसतो तो तांबड्या व हिरव्या प्रकाशाची मिसळ असतो. हळद बाहेरचा प्रकाश घेऊन त्यांतला निळा गिळते आणि उरलेला परत देते. पडदा स्वतःच प्रकाश ओततो. म्हणून पडद्यावरचा पिवळा डोळ्यांत भरतो, पण हळदीचा मऊपणा त्यांत सहसा उतरत नाहीं. तेंच चित्र कागदावर छापलें कीं त्यांतला झगमगाट ओसरतो, आणि सीतेच्या आसवांचा निळाजांभळा तर हटकून मलूल होतो. यावर उपाय साधा आहे. वाटीभर हळद, कुंकू आणि एखादें गळून पडलेलें पान पडद्याशेजारीं दिवसाच्या उजेडांत ठेवावें आणि रंग त्यांच्याशीं ताडून घ्यावा. यंत्रांत लाखों रंग आहेत. त्यांतले पांच निवडावयाचे, तर नजर बाहेर वळवावीच लागते.

येथें कोणी म्हणेल, कीं एवढे कष्ट कशाला? फुलांचीं हजारों छायाचित्रें घरबसल्या मिळतात, इतरांनीं काढलेलीं मंडलें मिळतात, त्यांवरून काम भागेल. काम भागतें यांत शंका नाहीं. परंतु चित्रावरून चित्र आणि त्या चित्रावरून पुन्हा चित्र, असें होत गेलें म्हणजे कळलावीच्या पाकळ्या आठ होतात, तेरडा वाटोळा होतो, आणि सरतेशेवटीं सर्व फुलें एकाच कारखान्यांतून निघाल्यासारखीं दिसूं लागतात. ज्या मुलानें फूल असेंच पाहिलें, त्याला खरें फूल पाहूनहि त्यांतलें वेगळेपण दिसत नाहीं. जें दिसत नाहीं तें नाहींसें झालें तरी कळत नाहीं. ही भीति कलेपुरती नाहीं, त्या फुलांपुरतीहि आहे.

कासचें पठार २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादींत गेलें आणि त्याची कीर्ति दूरवर पसरली. कीर्तीबरोबर गर्दी आली. मातीचा जो पातळ थर हें सारें वैभव धारण करतो, तो पायांखालीं दबला कीं पुन्हा लवकर उभारी धरीत नाहीं. वायतुरा नांवाची जी पाणवनस्पति येथें उगवते, तिच्या शास्त्रीय नांवांतच साताऱ्याचें नांव आहे, कारण ती या भागाबाहेर क्वचितच आढळते. टोपली कारवी सात वर्षांतून एकदां फुलते. एका हंगामांत तिची नासधूस झाली, तर ती पाहण्यासाठीं पुन्हा सात वर्षें वाट पाहावी लागेल. यासाठींच वनखातें आणि आसपासच्या गांवांच्या समित्या यांनीं येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे. मंडल रचणाऱ्यानें ही मर्यादा आपल्या कलेचाच नियम मानावा. फूल तोडूं नये. वाट सोडूं नये. ताटव्यांत बसून छायाचित्र घेऊं नये. वाटेच्या कडेला जें एक फूल आहे त्याच्याजवळ अर्धा तास थांबावें, पाकळ्या मोजाव्या, त्यांच्या कडा पाहाव्या, आणि वहीवर पेन्सिलीनें त्याचा एकच भाग काढून घ्यावा. यंत्राला बाकीचे अकरा भाग काढतां येतात, म्हणूनच कलावंताला या एका भागासाठीं एवढा वेळ देतां येतो. यंत्राचा खरा उपकार हाच आहे.

रांगोळीशीं तुलना केल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. शिरगोळ्याची पूड चिमटींत धरून ओढलेली रेघ परत घेतां येत नाहीं, आणि सायंकाळपर्यंत ती पावलांनीं पुसली जाते. दुसऱ्या दिवशीं पुन्हा अंगण सारवावें आणि पुन्हा आरंभ करावा, यांतूनच हाताला वळण लागे. यंत्रावरची रेघ हवी तेव्हां मागें घेतां येते आणि चित्र वाटेल तितकीं वर्षें सांठवितां येतें. चुकण्याची भीति नसल्यामुळें मूल धीट होतें, थरथरत्या हाताच्या आजीलाहि नीट वर्तुळ साधतें. हे लाभ लहान नाहींत. ज्या घरांना आतां अंगण उरलें नाहीं, उंबऱ्यापुढें जेमतेम दोन फरशांची जागा आहे, त्या घरांत ही कला पडद्याच्या द्वारें पुन्हा शिरली तर तिचें स्वागतच करावें. मात्र हाताचें वळण ही देखील एक ठेव आहे. आठवड्यांतून एखादा दिवस तेंच मंडल यंत्रावांचून, खडूनें किंवा रांगोळीनें, बाराहि भाग स्वतः काढून पाहिलें, तर कोणता भाग आपणांस खरोखर समजला होता आणि कोणता यंत्रानें सांवरून घेतला होता, हें तत्काळ ध्यानांत येईल. हातानें काढलेले बारा भाग एकमेकांशीं तंतोतंत जुळणार नाहींत. सोनकीच्या पाकळ्याहि कोठें तंतोतंत जुळतात?

तेव्हां यंत्र अकरा भाग काढीत असतां कलावंताचें काय उरतें, या प्रश्नाचें उत्तर कठीण नाहीं. पहिला भाग त्याचा, भागांची संख्या त्याची, रंगांची निवड त्याची, आणि या तिन्हींच्या मुळाशीं असलेलें पाहणें हें सर्वस्वीं त्याचें. येत्या भाद्रपदांत ज्यांना शक्य असेल त्यांनीं कासला जावें. ज्यांना शक्य नसेल त्यांनीं कुंपणावरची कळलावी, शेताच्या बांधावरचें सूर्यफूल किंवा खिडकींतल्या कुंडींतील सदाफुलीच्या पांच पाकळ्या पाहाव्या. मुलांच्या हातीं कांचेची पाटी देण्यापूर्वीं त्यांना एक फूल दाखवावें आणि त्याच्या पाकळ्या मोजावयास सांगावें. मंडलाचा आरंभ तेथून व्हावा.